सॅड हिल गाठायचंय? मग अल्मेरियाचं तिकीट काढू नका

"अरे, अल्मेरियात पोचलोय. ते 'गुड, बॅड, अग्ली'मधलं गोल कबरस्तान नक्की कुठेय?"

हा फोन मला आजवर चार-पाच जणांनी केलाय, आणि दर वेळी उत्तर देताना वाईट वाटतं. ती दफनभूमी, म्हणजेच सॅड हिल, तिथून रस्त्याने जवळजवळ आठशे किलोमीटर उत्तरेला आहे. सर्जिओ लिओनेच्या 1966 च्या या वेस्टर्न चित्रपटातलं वाळवंट दक्षिण स्पेनमधल्या अल्मेरियातलं खरं. पण उडवलेला पूल, कैद्यांची छावणी आणि शेवटची तिघांची झुंज, हे सगळं बुर्गोस प्रांतात आर्लांथा नदीच्या खोऱ्यात चित्रित झालं. गंमत म्हणजे वाळवंटात होरपळलेल्या ब्लाँडीला (तिघांतला 'गुड') ज्या मिशनमध्ये नेतात, ते बाहेरून अल्मेरियातलं 'कोर्तिखो देल फ्राइले' आहे आणि आतून बुर्गोसातला 'सान पेद्रो दे आर्लांथा' मठ. म्हणजे दार दक्षिणेत आणि खाट उत्तरेत! गोंधळ व्हायचाच.

पत्ता सापडला तरी दुसरी चूक होते ती ही, की लोक याला 'स्पॉट' समजतात. गाडीतून उतरलं, फोटो काढला, निघाले. सॅड हिलला फाटक नाही, तिकीट खिडकी नाही, पाण्याची बाटली विकणारा नाही. तिकीट असलेली जागा आपल्यासाठी जी कामं परस्पर करते, ती इथे घरूनच करून निघावं लागतं. म्हणून या लेखात तयारीलाच जास्त जागा दिली आहे. मुक्कामाचं गाव कोवारुबियास: लाकडी चौकटींची घरं, मधोमध दहाव्या शतकातला दगडी बुरूज, शेजारून वाहणारी आर्लांथा. बुर्गोसपासून चाळीसेक किलोमीटर.

## टप्पा 1: तारीख आधी, विमान नंतर

बहुतेक जण उलट करतात. स्वस्त तिकीट दिसलं की फेब्रुवारी पक्का. बुर्गोसच्या हवेबद्दल तिथलेच लोक म्हणतात, नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. हा प्रदेश साधारण हजार मीटर उंचीवरचा आहे. थंडीत धुकं, बर्फ, चिखल, आणि पावणेसहाच्या सुमारास अंधार. जून-अखेरीस मात्र सूर्य जवळजवळ दहापर्यंत मावळत नाही.

मे-जून किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य, एवढाच काळ धरा. जुलै-ऑगस्टमध्ये जाता येतं, पण ऊन आणि वणवा दोन्ही लक्षात ठेवा. 2022 च्या जुलैत दफनभूमीजवळच्या सांतो दोमिंगो दे सीलोस गावाच्या परिसरात इतका मोठा वणवा लागला की तिथला मठसुद्धा रिकामा करावा लागला होता.

सावध: मुक्कामाचे दोन्ही दिवस रविवार-सोमवार येणार नाहीत असं बघा. स्पेनमधल्या कित्येक जुन्या वास्तू सोमवारी बंद असतात आणि रविवारी दुपारनंतर दारं लावून घेतात. मंगळवार ते शुक्रवारमधले दोन दिवस उत्तम.

## टप्पा 2: कागदपत्रं

स्पेनसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. पंधरा दिवसांवर विसंबू नका. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईत भेटीची वेळ मिळायलाच आठवडे जातात. शुल्क मोठ्यांना 90 युरो. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा, गेल्या दहा वर्षांत काढलेला, आणि दोन कोरी पानं असलेला.

अर्जासोबतच्या कार्यक्रमात 'कोवारुबियास, 2 रात्री' असं सरळ लिहा आणि त्या दोन रात्रींचं बुकिंग जोडा. माझ्या एका मित्राने 'माद्रिदमध्ये सहा रात्री' असं लिहिलं आणि गाडीचं आरक्षण मात्र बुर्गोसचं जोडलं. त्याला स्पष्टीकरण द्यायला पुन्हा जावं लागलं.

यानंतर येतो सगळ्यात जास्त विसरला जाणारा कागद: आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. तो भारतातूनच, आपल्या आरटीओकडून काढायचा असतो. परिवहनच्या पोर्टलवर अर्ज करता येतो, मुदत एक वर्ष. स्पेनमध्ये उतरल्यावर तो कुठेही मिळत नाही. मूळ भारतीय परवानाही सोबत हवा, मोबाइलमधला चालत नाही.

तपासा: पासपोर्ट, मूळ परवाना, आंतरराष्ट्रीय परवाना आणि क्रेडिट कार्ड, चारही ठिकाणी नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे का? वडिलांचं नाव एकावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, हा आपला नेहमीचा घोळ. गाडी भाड्याने देणारे अनामत रक्कम क्रेडिट कार्डावरच अडकवतात, आणि कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. डेबिट कार्ड पुढे केलं की रांगेत बाजूला उभं राहायची तयारी ठेवा.

## टप्पा 3: चित्रपट पुन्हा बघा, वही घेऊन

हे काम निघायच्या आठवड्यात करा. वर्षभरापूर्वी पाहिलेला चालत नाही, आठवण दगा देते. सात-आठ दृश्यं थांबवून त्यांची चित्रं मोबाइलमध्ये साठवा:

- टूको (तिघांतला 'अग्ली') थडग्यावर आपटतो आणि कॅमेरा वर उचलत अख्खी दफनभूमी दाखवतो, ती चौकट.
- मधलं दगडी वर्तुळ, तिघं तीन टोकांना.
- वर्तुळातून मागे दिसणारी डोंगराची रेघ, निदान दोन बाजूंची.
- पुलाजवळची नदी आणि पलीकडचा उतार.
- मिशनमधल्या जखमींच्या खाटांमागच्या कमानी.

जुळवाजुळव करताना झाडांकडे बघू नका. साठ वर्षांत झाडं वाढली, काही गेली. डोंगराची रेघ तीच आहे. रेघेतली एखादी खाच धरा, ती चौकटीत जिथे आहे तिथे येईपर्यंत डावी-उजवीकडे सरका, मग पुढे-मागे. या क्रमानेच. उलट केलंत तर अर्धा तास नुसते फिरत राहाल.

आणखी एक. चित्रपट टेक्निस्कोपमध्ये, म्हणजे रुंदीच्या मानाने फार कमी उंचीच्या चौकटीत घेतलाय. मोबाइलची चौकट त्यापेक्षा उंच असते. म्हणून मोबाइल आडवा धरा आणि वरचं-खालचं नंतर कापा. मोबाइलची रुंद भिंग तर अजिबात वापरू नका, मागचे डोंगर उंदराएवढे होतात. मागे सरून झूम करा.

## टप्पा 4: माद्रिदहून खोऱ्यात

दोन रस्ते आहेत, आणि लोक नेमका लांबचा धरतात. 'बुर्गोस प्रांत' वाचून आधी बुर्गोस शहरात जातात आणि मग चाळीस किलोमीटर परत खाली येतात.

गाडी माद्रिदहून घेणार असाल तर ए-1 महामार्गावरून सुमारे दोनशे किलोमीटरवर लेर्मा येतं. तिथेच उतरा आणि कोवारुबियासचा रस्ता धरा. ए-1 वर टोल नाही. सगळं मिळून अडीच ते पावणेतीन तास.

उजव्या बाजूने चालवायची सवय नसेल तर दुसरा रस्ता बरा: माद्रिद-चामार्तीन स्थानकावरून जलद गाडीने दीड तासात बुर्गोस (ही सेवा 2022 पासून आहे), आणि भाड्याची गाडी बुर्गोसात घ्या. माद्रिदच्या वर्तुळाकार महामार्गांवर पहिला धडा गिरवण्यापेक्षा हे शहाणपणाचं.

गाडीशिवाय? होतं, पण कसंबसं. बुर्गोसहून या गावांना बस मोजक्याच आहेत, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला तर जवळजवळ नाहीतच. टॅक्सी ठरवलीत तर परतीची वेळ आणि फोन नंबर त्याच वेळी पक्का करा.

गाडी ताब्यात घेतल्यावर तिथल्याच वाहनतळात दहा मिनिटं बसा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला असते, तिथे डाव्या. पहिल्या गोल चौकात मी वळायचा इशारा म्हणून कोरड्या काचेवर वायपर फिरवले होते, मागच्याने भोंगा वाजवला तेव्हा कळलं. वेगाची मर्यादा महामार्गावर 120, साध्या रस्त्यावर 90. गावात दोन्ही दिशांना एकेकच मार्गिका असेल तर 30, आणि हे 30 म्हणजे खरोखर 30.

सावध: पंपावर 'गासोलिना' म्हणजे पेट्रोल आणि 'गासोलेओ' म्हणजे डिझेल. नावं इतकी सारखी की घाईत हात चुकतोच. गाडीच्या टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय त्याचा फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवा. इंधन लेर्मा किंवा बुर्गोसलाच भरून घ्या. खोऱ्यातल्या गावांच्या भरवशावर राहू नका.

## टप्पा 5: पोटाची सोय

शाकाहारी माणसाची खरी परीक्षा इथे आहे. बुर्गोसची प्रसिद्ध गोष्ट म्हणजे मोर्सिया: रक्त आणि भात घातलेलं सॉसेज. ते निदान ओळखू येतं. फसवतात बाकीचे पदार्थ. 'लसणाचं सूप' मागवलंत तर त्यात हॅमचे तुकडे. 'मिश्र सॅलड' मागवलंत तर वर टूना. भाज्यांच्या रश्श्यातही हॅम. 'सिन कार्ने', म्हणजे 'मांस नको', एवढं म्हणून भागत नाही. तिकडे हॅम आणि मासे यांची गणती 'कार्ने'त होईलच असं नाही. चिठ्ठीवर लिहून न्या: सिन कार्ने, सिन खामोन, सिन पेस्कादो, सिन काल्दो दे कार्ने (मांस, हॅम, मासे, मांसाचा रस्सा नको). अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया बहुतेक ठिकाणी मिळते.

वेळा आपल्या नव्हेत. दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊनंतर. सायंकाळी सहाला स्वयंपाकघर बंद असतं, कितीही गोड बोला. दुकानंही दुपारी दोनपासून पाचपर्यंत बंद. म्हणून दुसऱ्या दिवसाचा पाव, चीज, फळं आणि पाणी आदल्या संध्याकाळीच घ्या.

घरून चिवडा, खाकरे, मेतकूट, भाजणी खुशाल न्या. तूप, पेढे, खवा, पनीर मात्र नको. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आंबेही घरीच ठेवा.

## टप्पा 6: पहिला दिवस नदीचा

दफनभूमी पहिल्या दिवशी बघायचा मोह आवरा. विमानाचा शीण, नवी गाडी, अनोळखी रस्ता, आणि त्यात दुपारचं ऊन. पोचाल, पण घाईत. पहिल्या दिवशी खोऱ्याचा अंदाज घ्या.

कोवारुबियासला सामान टाका आणि ओर्तिग्वेलाच्या दिशेने नदीकाठचा रस्ता पकडा. आठेक किलोमीटरवर सान पेद्रो दे आर्लांथाचा पडका मठ आहे, टूको आणि त्याच्या पाद्री भावाची कडू भेट ज्या मिशनमध्ये होते त्याचा आतला भाग. उघडायच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, मुक्कामाच्या ठिकाणी विचारूनच निघा. बंद असला तरी रस्त्यावरून भिंती दिसतात.

पुलाची जागाही याच खोऱ्यात, नदीवर. पूल शोधू नका, तो उडवलाय. दोनदा! पहिल्या खेपेला खुणेचा गोंधळ झाला, कॅमेरे सुरू नसतानाच स्फोट झाला, आणि स्पॅनिश सैन्याने पूल पुन्हा बांधून दिला. आज बघायचं ते नदीचं वळण आणि समोरचा उतार. साठवलेली चौकट काढा, डोंगराची रेघ जुळवा. सराव इथे होतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा फायदा मिळतो.

संध्याकाळी गाव पायी फिरा. सान कोस्मे आणि सान दामियान यांच्या चर्चमध्ये तेराव्या शतकातल्या नॉर्वेच्या राजकन्येची, क्रिस्तीनाची कबर आहे. वेस्टर्नशी तिचा काही संबंध नाही, पण एवढ्या लांब येऊन पडलेली ती एकटीच नव्हे हे बघून बरं वाटतं.

तपासा (रात्री): नकाशा ऑफलाइन उतरवलाय का? दरीत रेंज मिळेलच असं धरू नका. माणशी दीड-दोन लिटर पाणी, टोपी, पॉवर बँक पिशवीत आहे का? उद्याचं जेवण घेतलंत का?

## टप्पा 7: सॅड हिल

सकाळी लवकर सांतो दोमिंगो दे सीलोसला निघा, अठराएक किलोमीटर. गाडी गावात लावा आणि पुढे चाला. दफनभूमी मिरांदिया दरीत, सीलोस आणि कोंत्रेरास या गावांच्या मध्ये आहे. सीलोसहून कच्च्या रस्त्याने चार-पाच किलोमीटर. चढ-उतार आहे, पण सिंहगड चढणाऱ्याला काहीच नाही. जायला सव्वा तास धरा.

कोरड्या दिवसांत गाड्या त्या वाटेने जातात, हे खरं. तरी भाड्याची गाडी घालू नका. बहुतेक करारांत कच्च्या रस्त्यावर झालेलं नुकसान विम्यात नसतं, आणि टायर-काच-गाडीचा तळ तर वेगळाच हिशोब. माझ्याकडून एका खड्याच्या ओरखड्याचे पैसे घेतले गेले, आणि ओरखडा नखाएवढा होता.

चालण्याचं दुसरं कारण नजरेचं आहे. वाट ज्युनिपरच्या, म्हणजे तिकडच्या साबिनाच्या, ठेंगण्या झाडांमधून जाते. वर गिधाडं घिरट्या घालत असतात. दफनभूमी एकदम समोर येत नाही. आधी दोन-चार क्रूस दिसतात, वाटतं एवढंच? मग वाट वळते आणि उतारावर रांगांमागून रांगा उघडतात. ते गाडीच्या काचेतून होत नाही.

पोचल्यावर क्रम असा ठेवा.

आधी वर. भोवतालच्या उतारावर थोडं चढा आणि पूर्ण गोल बघा. खाली उतरलात की आकार कळत नाही. रुंद फोटो याच वेळी, सकाळच्या तिरप्या उन्हात, क्रुसांच्या सावल्या लांब असताना. बारानंतर सगळं सपाट दिसतं.

मग कडेने आत. पाच हजारांवर थडगी आहेत आणि एकातही मढं नाही. 1966 मध्ये स्पॅनिश सैनिकांनी चित्रीकरणासाठी मातीचे उंचवटे रचले आणि क्रूस रोवले. चित्रीकरण संपल्यावर जागा माती-गवताखाली गेली. स्थानिक चाहत्यांनी संस्था काढून 2015 पासून कुदळ-फावड्याने ती मोकळी केली. खर्चासाठी त्यांनी 15 युरोंत एकेक थडगं दत्तक द्यायला सुरुवात केली, म्हणून क्रुसांवर जगभरची नावं दिसतील. वाकून वाचा. साध्या फळ्या, हाताने रंगवलेली अक्षरं, काही उन्हापावसाने पुसट झालेली. 'आर्च स्टँटन'चा क्रूस शोधा. दोन लाख डॉलरचं सोनं त्याच्या शेजारच्या, नाव नसलेल्या कबरीत होतं, हे आठवत असेलच.

वर्तुळ शेवटी. मधली दगडी फरसबंदी मातीच्या थराखाली दडली होती, स्वयंसेवकांनी ती खरवडून काढली. तिघं असाल तर तीन टोकांना उभे राहा. दोघं असाल तर तिसरा कोणीतरी भेटतोच. टूकोसारखं गोल-गोल धावायची खुमखुमी प्रत्येकाला येते. धावा, पण थडग्यांवरून नको, मधल्या वाटांवरून. मोरिकोनेचं, म्हणजे या चित्रपटाचं, संगीत कानात लावा, स्पीकरवर नको. तुमच्याआधी सकाळपासून ते किती जणांनी वाजवलं असेल, याचा विचार करा.

सावध: फळी, दगड, क्रुसाचा तुकडा, काहीही उचलू नका. स्वतःच्या नावाचा क्रूसही रोवू नका. आग, शेगडी, सिगारेटचं थोटूक अजिबात नाही. हा परिसर संरक्षित निसर्ग उद्यानात येतो. ड्रोन उडवायचा तर नोंदणी आणि परवानगी आधी घ्यावी लागते, तिथे पोचून बॅग उघडण्यात अर्थ नाही. शौचालय सीलोसलाच उरकून निघा. अडचण आली तर आपत्कालीन क्रमांक 112.

## टप्पा 8: परतीची दुपार

बाराच्या आत दफनभूमी सोडली तर दोनच्या जेवणाला सीलोसमध्ये वेळेवर पोचता. वेळ उरला तर तीनेक किलोमीटरवरची ला येक्लाची घळ बघा, कड्यांच्या चिमटीतून जाणारी अरुंद पायवाट आहे. तिथल्या सावलीत दुपार निघते. कैद्यांच्या छावणीची जागा काराथो गावाजवळ. मोकळं माळरान आहे, पक्क्या चाहत्यांनीच वाट वाकडी करावी.

सायंकाळी सीलोसच्या मठात पाद्री ग्रेगोरियन पद्धतीने प्रार्थना गातात. बहुतेक दिवशी सातला, पण दारावरची वेळ दुपारीच बघून ठेवा. प्रवेश मोफत आहे, फोटो-ध्वनिमुद्रण नाही. पंधरा मिनिटं आधी जा, बुटांची धूळ बाहेर झटका, मोबाइल नुसता मूक करू नका, बंद करा. आणि मधेच उठून जायचं असेल तर बसूच नका.

तिथून कोवारुबियास वीस-पंचवीस मिनिटं. संध्याकाळी या रस्त्यावर हरणं आणि रानडुकरं आडवी येतात, 90 ची मर्यादा असली तरी 60-70 ने चालवा. गाडी परत देण्याआधी चाकांच्या कमानीतली पांढरी धूळ धुऊन घ्या, चारही बाजूंचे आणि इंधनाच्या काट्याचे फोटो काढा, आणि पंपाची पावती पाकिटात ठेवा. घरी पोचल्यावर महिनाभर तरी ती फेकू नका.